टॅरंटुलाच्या पेटीतली ऊब आणि ओल: आपल्याकडच्या तिन्ही ऋतूंत कशी सांभाळावी

नव्याने टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक वेळा एका आकड्यापाशी येऊन अडतात. 'या जातीला ८० टक्के आर्द्रता लागते असं वाचलं, माझा काटा ६५ च्या वर जात नाही, दिवसातून किती वेळा फवारू?' मग फवारणी वाढते, झाकणाची भोकं चिकटपट्टीने बंद होतात, माती चिकचिकीत होते आणि काही आठवड्यांत कोळी खाली उतरायचंच सोडून देतो. भिंतीला धरून, झाकणाच्या जवळ बसून राहतो. माणसाला वाटतं, ओल अजून कमी पडतेय. तो आणखी फवारतो.

त्या आकड्याचा पाठलाग सोडा, हे या लेखातलं मुख्य सांगणं. पेटीला एक कोरडी आणि एक ओलसर बाजू द्या, हवा खेळती ठेवा, पाण्याची वाटी कायम भरलेली ठेवा. कुठे बसायचं ते कोळी स्वतः ठरवतो, आणि ते त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. उष्णतेच्या बाबतीतही गैरसमज असाच उलटा आहे. महाराष्ट्रात पेटी तापवण्याची वेळ क्वचित येते. ती गार ठेवण्याची वेळ मात्र दर उन्हाळ्यात येते.

पायऱ्यांचा क्रम मोडू नका. कोळी आधी घरी आणून पेटी नंतर जुळवायला घेतली की निम्मी कामं त्याला त्रास देतच करावी लागतात.

## पायरी १: जात आणि वय पक्कं करा

'टॅरंटुलाला किती ओल लागते?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. ढोबळ मानाने तीन गट धरा.

कोरड्या बाजूचे: मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा ब्राकिपेल्मा हामोरी, दक्षिण अमेरिकेतले ग्रामोस्टोला, व्हेनेझुएलाच्या पॅराग्वाना द्वीपकल्पातला ग्रीन बॉटल ब्लू. यांच्या प्रौढांना बहुतांश कोरडी माती आणि भरलेली वाटी पुरते. ग्रीन बॉटल ब्लू तर ओल्या मातीवर स्पष्टपणे अस्वस्थ होतो.

मधले: कुरळ्या केसांचा ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस, लासिओडोरा. यांना एक कोपरा ओलसर हवा. नवशिक्यांसाठी हाच गट बरा, कारण थोडं इकडंतिकडं झालं तरी हे कोळी निभावून नेतात.

ओलसर बाजूचे: थेराफोसासारखे पर्जन्यवनातले मोठे कोळी आणि खोल बिळात राहणाऱ्या बऱ्याच आशियाई जाती. यांची माती खालच्या थरात कधीच पूर्ण कोरडी पडू द्यायची नाही.

झाडावर राहणाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. मार्टिनिक बेटावरचा कॅरिबेना व्हर्सिकलर हे त्याचं ठळक उदाहरण. 'बेटावरचा आहे, म्हणजे दमट हवाच हवी' असं समजून त्याला कोंदट डब्यात ठेवलं जातं आणि पिल्लं एकामागून एक दगावतात. त्याला ओलीइतकीच, किंबहुना जास्तच, वाहती हवा लागते.

आता वय. टॅरंटुलाच्या कातडीवर मेणासारखा थर असतो आणि तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. पिल्लांमध्ये, म्हणजे स्लिंगमध्ये, हा थर पातळ असतो आणि शरीराच्या मानाने पृष्ठभाग जास्त. त्यामुळे वाळवंटी जातीचं पिल्लूसुद्धा पूर्ण कोरड्या डब्यात ठेवायचं नसतं. प्रौढाचा नियम पिल्लाला आणि पिल्लाचा नियम प्रौढाला लावणं ही फार नेहमीची चूक आहे.

कायद्याची तपासणी: सह्याद्रीतल्या झाडाच्या ढोलीतून किंवा बांधावरून पकडलेला कोळी घरी आणू नका, कुणी विकत देत असेल तरी घेऊ नका. परदेशी जातींपैकी ज्या सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्टांत आहेत, त्या बाळगणाऱ्याला २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ब्राकिपेल्मा आणि भारत-श्रीलंकेतला झाडावरचा पोसिलोथेरिया, दोन्ही परिशिष्ट २ मध्ये आहेत. कागद नसेल तर व्यवहार करू नका.

## पायरी २: आधी खोली मोजा, पेटी नंतर

पेटी जिथे ठेवणार त्याच जागी एक साधा डिजिटल तापमान-आर्द्रता मापक ठेवा. किमान-कमाल आकडे लक्षात ठेवणारा घ्या, कारण आपण घरात नसताना दुपारी तीनला काय होतं तेच कळायला हवं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नोंद करा.

याचं कारण साधं आहे: पेटीतली हवा अखेर खोलीच्याच हवेच्या मागे जाते. रत्नागिरीत जुलैमध्ये खोलीतच ८५-९० टक्के आर्द्रता असते, तिथे पेटीत पाणी ओतण्याचं कारण नाही. लातूर किंवा अकोल्यात एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की आकडा २० च्या आसपास घुटमळतो. तिथे मातीतली ओल झपाट्याने उडते. पुण्यात एकाच वर्षात दोन्ही टोकं बघायला मिळतात. परदेशातल्या मराठी घरांत आणखी एक गोष्ट घडते. हिवाळ्यात घर तापवणारी यंत्रणा सुरू झाली की तापमान छान २२ अंश दिसतं, पण हवा कोरडीठाक असते.

जागा निवडताना हे टाळा: खिडकीतून ऊन येणारी बाजू, फ्रिजच्या मागे-वर, टीव्हीजवळ, स्वयंपाकघर, आणि वरच्या मजल्यावरच्या स्लॅबला लागून असलेली माळ्याची फळी. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहालाही उष्णता सोडत असतो, आणि छताजवळचं तापमान जमिनीपेक्षा सहज काही अंशांनी जास्त भरतं. खालची फळी, आतली भिंत, ही सगळ्यात चांगली जागा.

सावधान: ज्या खोलीत डासांची कॉईल, वडी, द्रवाचं यंत्र किंवा डासांची अगरबत्ती लावली जाते, ती खोली बाद. यांतली पायरेथ्रॉइड गटातली द्रव्यं कीटक मारण्यासाठीच असतात आणि कोळ्यांनाही ती घातक असतात. झुरळांचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल, कुत्र्याच्या मानेवर टाकायचं गोचिडाचं औषध लावलेला हात, कपाटातल्या डांबर गोळ्या, हे सगळं याच यादीत. पावसाळ्यात घरात डास वाढतात आणि नेमकी तेव्हाच ही चूक होते. घरातल्या प्रत्येकाला हे स्वच्छ सांगून ठेवा, फक्त स्वतःच्या लक्षात ठेवून भागत नाही. पेटी असलेल्या खोलीला खिडकीची जाळी बसवा, झोपताना मच्छरदाणी लावा.

## पायरी ३: मापकाची मिठाने परीक्षा घ्या

घड्याळासारखे काट्याचे स्वस्त हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मापक, बऱ्याचदा साफ खोटं सांगतात. डिजिटलही पाच-दहा टक्क्यांनी चुकू शकतात. म्हणून विश्वास ठेवण्याआधी ही परीक्षा घ्या.

१. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा.
२. त्यावर थेंब थेंब पाणी टाका. मीठ ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे, विरघळून पाणी होता कामा नये.
३. झाकण आणि मापक एकाच झिपच्या पिशवीत ठेवा. मीठ मापकाला लागू देऊ नका. पिशवीत थोडी हवा राहू द्या आणि घट्ट बंद करा.
४. आठ ते बारा तास हलवू नका, ऊनही लागू देऊ नका.

बंद पिशवीतल्या या ओल्या मिठावर आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ८१ दाखवत असेल तर तो सहा जास्त सांगतो, हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवा.

आणि मापक अचूक असला तरी त्याचा अर्थ नीट समजून घ्या. सापेक्ष आर्द्रता तापमानाबरोबर बदलते. २५ अंशांना ६० टक्के आर्द्रता असलेली हवा, पाण्याचा एक थेंबही कमी-जास्त न होता, ३५ अंशांपर्यंत तापली की मापक सुमारे ३४ टक्के दाखवतो. म्हणजे दुपारी आकडा पडला म्हणून पाणी ओतलंत, तर रात्री गारवा आल्यावर तीच पेटी घामेजते. यासाठीच मी म्हणतो की खोलीसाठी मापक वापरा. पेटीसाठी माती बघा.

## पायरी ४: पेटी आणि हवेची भोकं

जमिनीवरच्या जातींना लांबी-रुंदी हवी, उंची नको. मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतचं अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त ठेवू नका. वजनदार पोट आपटून फुटलं की कोळी सहसा वाचत नाही. झाडावरच्यांना उभी पेटी, उभं लाकूड किंवा सालीचा तुकडा.

हवेची भोकं समोरासमोरच्या दोन बाजूंना हवीत: एका बाजूला मातीच्या थराच्या जरा वर, समोरच्या बाजूला झाकणाच्या खाली. उबदार हवा वर जाऊन निघते आणि खालून ताजी आत येते. फक्त झाकणावर भोकं असली तर वरची हवा बदलते, मातीलगतची कोंदट हवा तशीच साचून राहते. बाजारातल्या बऱ्याच ॲक्रिलिक पेट्यांमध्ये ही उणीव असते. पेटी रिकामी असतानाच बारीक बिट लावून ड्रिलने भोकं पाडा किंवा प्लास्टिकच्या डब्याला सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने पाडा, तेही खिडकी उघडी ठेवून. कडा घासून गुळगुळीत करा. भोक कोळ्याच्या डोक्याकडच्या कठीण भागापेक्षा बरंच लहान हवं. पिल्लं अविश्वसनीय बारीक फटीतून निघतात.

तारेची जाळी असलेलं झाकण टाळा. टॅरंटुलाच्या पायांच्या नख्या जाळीत अडकतात आणि लटकलेला कोळी पाय तोडून घेतो. जाळी असलेली पेटी आधीच घेतली असेल तर जाळी काढून तिथे भोकं पाडलेला ॲक्रिलिकचा पत्रा बसवा.

तपासणी: झाकण लावून पेटीत ओला कपडा ठेवा. रात्रभरात सगळ्या भिंती आतून घामेजून सकाळीही तशाच राहिल्या तर भोकं कमी आहेत. अजून एक रांग पाडा.

## पायरी ५: माती भरणं

आपल्याकडे सगळ्यात सहज मिळतं ते कोकोपीट. विटेच्या रूपात घ्या, साधं घ्या. नर्सरीतलं 'तयार मिश्रण' घेऊ नका, कारण त्यात बहुधा निंबोळी पेंड, शेणखत किंवा रासायनिक खत मिसळलेलं असतं. झाडाला कीड लागू नये म्हणून घातलेली निंबोळी कोळ्याला कशी चालेल?

वीट बादलीत भिजवा, फुलल्यावर पिळून पाणी फेका आणि हे दोन-तीनदा करा. नारळाच्या काथ्यात मीठ उतरलेलं असू शकतं, ते धुतलं जातं. मग पसरून जवळजवळ कोरडं होईपर्यंत उन्हात ठेवा. नुसतं कोकोपीट कोरडं पडलं की भुसभुशीत होतं आणि बीळ ढासळतं. म्हणून खत-औषध न पडलेली, चाळलेली बागेची माती एक तृतीयांश मिसळली तर थर घट्ट बसतो आणि ओल जास्त दिवस धरतो.

भरताना दोन थर करा. खालचा निम्मा ओलसर, हाताने दाबून घट्ट. वरचा निम्मा कोरडा, तोही हलका दाबलेला. जमिनीवरच्या प्रौढाला निदान आठ-दहा सेंटिमीटर थर द्या, बिळात राहणाऱ्यांना त्याच्या दुप्पट किंवा जास्त. खोल माती ही या सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. दोन सेंटिमीटरच्या थराला ओलीचा साठाच नसतो. तो एक तर चिखल असतो नाही तर धूळ.

मुठीची परीक्षा: ओलसर थरासाठी मूठभर मिश्रण जोरात दाबा. बोटांतून पाणी निथळलं तर फार ओलं. मूठ उघडताच विखुरलं तर कोरडं. गोळा राहिला पण हात फक्त दमट झाला, तर बरोबर.

## पायरी ६: ओली बाजू, वाटी आणि लपण

पाण्याची वाटी प्रत्येक टॅरंटुलाला हवी, वाळवंटातल्यालाही. 'त्याला खाद्यातून पाणी मिळतं' हे ऐकून वाटी काढून टाकू नका. वाटीत स्पंज, कापूस किंवा पाण्याचे जेलचे गोळे ठेवायचे नाहीत. त्यांत घाण साचते, आणि कोळ्याला साध्या पाण्यातून नीट पिता येतं. खाद्याचे रातकिडे बुडू नयेत म्हणून एखादा खडा पुरे. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा.

वाटी एका टोकाला ठेवा. तेच ओलं टोक. ओल द्यायची पद्धत अशी: वाटी भरताना मुद्दाम थोडी उतू जाऊ द्या, आणि त्याच कोपऱ्यात भिंतीला लागून हळूहळू पाणी सोडा, म्हणजे ते खाली झिरपतं आणि वरचा पृष्ठभाग कोरडा राहतो. एकदम ओतू नका. थोडं ओता, थांबा, बाहेरून पारदर्शक भिंतीतून ओलीची गडद रेघ कुठवर सरकते ते पाहा. रेघ पेटीच्या निम्म्यापर्यंत आली की बस.

लपण्याची जागा, सालीचा तुकडा किंवा नारळाची अर्धी करवंटी, ओल्या आणि कोरड्या भागाच्या सीमेवर ठेवा. मग कोळी आत बसून पुढे-मागे सरकला तरी त्याला निवड मिळते.

फवारणीचा बाटला बहुतेक वेळा कपाटातच राहू द्या. फवाऱ्याने मातीची साय ओली होते, मापकाचा आकडा तासभर उडी मारतो आणि पुन्हा खाली येतो. खालच्या थराला काहीच पोचत नाही. शिवाय अंगावर पडलेल्या तुषारांनी कोळी बिथरतो. झाडावरच्या जातींच्या पेटीत एका भिंतीवर अधूनमधून थोडे थेंब मारायला हरकत नाही, ते पुढच्या दिवशी वाळले पाहिजेत एवढीच अट.

पिल्लांच्या छोट्या डब्यात वाटी मावत नाही. बाटलीचं लहान झाकण ठेवा, किंवा ड्रॉपरने एका कडेला दर काही दिवसांनी पाणी सोडा. दुसरी कड कोरडी.

## पायरी ७: रिकामी पेटी आठवडाभर चालवा

सगळं मांडून, झाकण लावून, ठरलेल्या जागी ठेवा. कोळी अजून आणायचा नाही. या आठवड्यात तीन गोष्टी बघा: ओलीची रेघ किती दिवसांत मागे सरकते, बुरशी येते का, आणि दुपारी पेटीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा किती वेगळं राहतं.

कोकोपीटवर सुरुवातीला पांढरी लव येते, ती घाबरण्यासारखी नसते. ती भाग वरखाली करून थोडा वाळू दिला की जाते. हिरवी किंवा काळी बुरशी वाढत राहिली तर ओल कमी आणि हवा जास्त हवी. स्प्रिंगटेल नावाचे बारीक पांढरे उड्या मारणारे जीव मिळाले तर ओलसर पेटीत जरूर सोडा. ते बुरशी खातात आणि कोळ्याला त्रास देत नाहीत.

कोळी आल्यावर पहिले काही दिवस तो भिंतीवर चढेल, कोपऱ्यात पाय आखडून बसेल. हे नवख्या जागेचं बुजणं आहे. त्यावर पाणी ओतणं, पेटी हलवणं, हीट मॅट (पेटी तापवणारी विजेची चटई) लावणं यातलं काहीही करू नका.

## पायरी ८: ऊब द्यायची असेल तरच

पाळीव जातींपैकी बहुतेक कोळी २० ते ३० अंशांत व्यवस्थित राहतात. रात्री १८ पर्यंत गेलं तरी निरोगी प्रौढाला काही होत नाही. तो मंदावतो, खाणं कमी करतो, वाढ हळू होते. कोकणात आणि मुंबईत त्यामुळे वर्षभर काहीच लागत नाही. नाशिक, पुणे, नागपूर, महाबळेश्वर इथल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींत बाहेर पारा दहाच्या खाली उतरतो, पण आपल्याला बघायचा असतो तो खोलीच्या आतला किमान आकडा. तो बरेच दिवस १८ च्या खाली राहत असेल, किंवा पेटीत पिल्लं असतील, तरच पुढे वाचा.

पहिला उपाय खोली: पेट्या आतल्या खोलीत आणा, खिडक्या संध्याकाळी लवकर लावा, पेट्या जमिनीवरून आणि फरशीवरून उचलून लाकडी कपाटात ठेवा. बरेचदा एवढ्यावर भागतं.

न भागल्यास हीट मॅट, पण अशी:

१. मॅट पेटीच्या बाहेरून, एका उभ्या बाजूला लावा. तळाखाली कधीच नाही. निसर्गात वरून ऊन तापवतं आणि कोळी गारव्यासाठी खाली खणतो. तळ तापवला तर तो ज्या दिशेला सुटका शोधतो तिथेच भाजतो.
२. मॅटने बाजूचा एक तृतीयांश भागच झाकावा. मॅट कोरड्या टोकाला, म्हणजे वाटीच्या विरुद्ध बाजूला.
३. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरावीक तापमानाला मॅट आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्राशिवाय, मॅट लावायची नाही. त्याचा सेन्सर पेटीच्या आत, मॅटच्या भिंतीजवळ, कोळी जिथे बसतो त्या उंचीवर पक्का करा. आकडा २५-२६ वर ठेवा.
४. दोन दिवस चालवून दोन्ही टोकांचं तापमान मोजा. गार टोक खरोखर गार राहिलं पाहिजे.

तापणारे दगड आणि बल्ब वापरू नका. बल्ब हवा वाळवतो आणि उजेडाला बुजणाऱ्या प्राण्यावर प्रकाश मारतो.

सावधान: ऊब वाढवली की माती लवकर वाळते. मॅट सुरू केल्यावर ओलीची रेघ रोज बघा.

## पायरी ९: ऋतू बदलला की पद्धत बदला

उन्हाळा. मार्च ते जूनचा पहिला आठवडा. विदर्भ-मराठवाड्यात हा सगळ्यात धोक्याचा काळ. खोली ३५ च्या वर टिकून राहायला लागली की काळजी घ्या. पेटी सगळ्यात खालच्या फळीवर, शक्य असेल तर तळमजल्यावर. वाटी रोज तपासा, मोठी ठेवा, खालचा थर ओलसर राहील असं पाणी आठवड्यातून एक-दोनदा कोपऱ्यातून सोडा. खणायला खोल माती दिली असेल तर कोळी आपणहून खाली जाईल.

कूलर खोलीत हवा दमट करतो, एसी ती कोरडी करतो. दोन्हींचा झोत पेटीवर थेट येऊ देऊ नका. कूलरच्या पाण्यात डासांचं औषध टाकण्याची सवय असेल तर ती खोली कोळ्यासाठी नाही. वीज गेली तर गार पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पेटीच्या बाहेर, एका बाजूला टेकवा. पेटीत बर्फ टाकू नका. बंद गाडीत किंवा उन्हाच्या पट्ट्यात पेटी काही मिनिटंही ठेवायची नाही. काचेच्या आत तापमान फार लवकर चढतं.

पावसाळा. इथे काम कमी करायचं असतं. कोकण, मुंबई, घाटमाथा: कोपऱ्यातून पाणी सोडणं बंद, फक्त वाटी. कोरड्या जातींची माती हवेतलीच ओल धरून बसते. वरचा थर काढून उन्हात वाळवलेला साठा घाला. तो साठा मेमध्येच करून, हवाबंद डब्यात ठेवा. खोलीत पंखा हळू फिरता ठेवा, पेटीवर थेट नाही.

खाल्लेल्या किड्याचा चोथा आणि मेलेले रातकिडे २४ तासांच्या आत चिमट्याने काढा. ओल आणि उरलेलं अन्न एकत्र आलं की पांढऱ्या ठिपक्यांसारखे माइट्स आणि बारीक माश्या जमतात. एवढा एक नियम पाळला तरी पावसाळ्यातले अर्धे त्रास टळतात.

हिवाळा. थंड आणि कोरडा. कोळी कमी खातो, तेव्हा खाद्यही कमी द्या. पाणी सकाळी द्या, म्हणजे रात्रीच्या गारव्याआधी वरचा भाग वाळतो. गार आणि चिंब माती ही जोडी सगळ्यात वाईट.

## पायरी १०: कात टाकण्याचा काळ

कोळ्याने खाणं सोडलं, रंग फिका पडला, पोटावरचा केस गेलेला भाग काळपट दिसू लागला, की कात जवळ आली. या वेळी लोक घाईने फवारणी सुरू करतात. कात सुटायला लागणारा द्रव कोळ्याच्या शरीरातून येतो, आणि तो आधीच्या आठवड्यांत प्यायलेल्या पाण्यातून. म्हणून वाटी आधीपासून भरलेली हवी. ओलं टोक नेहमीपेक्षा किंचित जास्त ओलसर ठेवा, तेवढंच. जिवंत रातकिडे पेटीतून काढा. कात टाकताना हतबल असलेल्या कोळ्याला ते कुरतडतात.

सावधान: उताणा पडलेला टॅरंटुला मेलेला नसतो, तो कात टाकत असतो. त्याला सरळ करू नका, फुंकू नका, फवारू नका, पेटी उचलू नका. काही तास ते दिवसभर लागू शकतो. नंतर सुळे पांढऱ्याचे लाल आणि लालचे काळे होईपर्यंत खाद्य द्यायचं नाही. मोठ्या कोळ्याला यात एक-दोन आठवडे सहज जातात. पाणी मात्र लगेच हवं.

## पायरी ११: बिघाड ओळखा

सरळ उभा असून पाय पोटाखाली आखडलेले, पोट सुरकुतलेलं. हे निर्जलीकरण असू शकतं. टॅरंटुला पाय पसरतो तो शरीरातल्या द्रवाच्या दाबाने. द्रव कमी झाला की पाय आत वळतात. ओल्या कागदाच्या कोंदट डब्यात त्याला ठेवण्याचा जुना सल्ला सोडून द्या. हवेतल्या दमटपणातून त्याला पाणी पिता येत नाही. उथळ वाटीत पाणी भरा आणि मऊ ब्रशने त्याला असं टेकवा की तोंडाचा भाग पाण्याला लागेल. पोट पाण्याबाहेर राहिलं पाहिजे, कारण श्वासाच्या पुस्तक-फुप्फुसांच्या फटी पोटाच्या खालच्या बाजूला असतात. काही तास तसंच, शांत, मध्यम तापमानात राहू द्या.

आठवडे झाले तरी भिंतीवरून उतरत नाही. मातीत बोट घाला. चिंब असेल तर निम्मी माती बदला, भोकं वाढवा. माती ठीक असेल तर मॅटची भिंत आणि दुपारचं तापमान तपासा.

वाटीवर सतत ठाण मांडून बसतो. खोली फार कोरडी किंवा फार उष्ण. ओलं टोक वाढवा, पेटी खाली आणा.

चाल लडखडती, पाय थरथरतात. ओल-ऊब तपासण्याआधी विषाचा विचार करा. घरात काय फवारलं गेलं, शेजारच्या फ्लॅटमध्ये पेस्ट कंट्रोल झालं का, रातकिडे कुठून आणले? पेटी ताबडतोब दुसऱ्या मोकळ्या हवेच्या खोलीत हलवा, वाटीतलं पाणी आणि माती बदला.

एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन दिवस थांबा. माती, मॅट, भोकं, जागा सगळं एकाच संध्याकाळी बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि कोळ्याला पुन्हा नव्याने बुजायला लावलं जातं.

## गावाला जाताना

गणपतीत किंवा दिवाळीत आठ-दहा दिवस घर बंद राहणार असेल तर निरोगी प्रौढासाठी शेजाऱ्याला किल्ली देण्याची गरज नसते. निघण्याआधी दोन दिवस खाद्य देऊ नका, चोथा काढा, एकाऐवजी दोन वाट्या भरून ठेवा, मॅटचा प्लग काढा. मे महिन्यात मात्र कुणीतरी दर दोन-तीन दिवसांनी येऊन वाटी बघणं भाग आहे, आणि पिल्लं असतील तर कुठल्याही ऋतूत. येणाऱ्या माणसासाठी पेटीवर चिठ्ठी चिकटवा: वाटी भरा, झाकण पक्कं लावा, फवारू नका, खोलीत डासांचं काहीही लावू नका.